कोल्हापूरकडे वाहणारा वारा

कोल्हापूरहून दादाचा मेसेज आला तेव्हा आमचा नांगर सुटला होता. उशाखाली फोन थरथरला म्हणून जाग आली, तर गोल खिडकीतून दिसणारा डोंगर जागेवर नव्हता. वर डेकवर कुणीतरी अनवाणी धावत होतं, साखळी खडखडत होती. मेसेज होता : ‘पंचगंगेचं पाणी ३७ फुटांवर. राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडले. तू समुद्रात हाईस आणि हितं समुद्र घरात यायला लागलाय.’

वर गेले. कप्तान बनियन-चड्डीवर सुकाणूला, आणि स्वयंपाकी बोटीच्या नाकाडावर ओणवा होऊन विजेरीच्या उजेडात साखळीकडे बघतोय. डोंगरावरून वारा धबाधब खाली कोसळत होता. अधूनमधून अगदी थांबायचा आणि मग कुणी पाठीत धपाटा घालावा तसा यायचा. क्निडोसच्या या बंदराच्या तळाशी पाणगवत फार. नांगराचे दात मातीत रुतायच्या ऐवजी गवतातच गुंततात आणि गवतासकट उपटून येतात. तिसऱ्या खेपेला नांगर धरला. तोवर तीन वाजून गेले होते. स्वयंपाक्याने चहा टाकला, कारण आता झोपण्यात काही अर्थ नव्हता.

क्निडोस म्हणजे तुर्कस्तानच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या दात्चा द्वीपकल्पाचं टोक. जमीन इथे संपते आणि एजियन समुद्र भूमध्य समुद्राला मिळतो. आम्ही दोन दिवस रोड्स बेटावर काढून, फेरीबोटीने मार्मारिसला येऊन, तिथून या लाकडी बोटीवर चढलो होतो. मार्मारिस, बोझबुरून, दात्चा, क्निडोस आणि शेवटी बोद्रुम. आठवड्याचा कार्यक्रम. आठ प्रवासी, तीन खलाशी.

या बोटीला गुलेट म्हणतात. दोन डोलकाठ्या, रुंद गोलसर ढुंगण, वार्निश मारून चकाकणारं लाकूड. जाहिरातीत ही ‘शिडाची सफर’ होती. शीड आम्ही एकदाच पाहिलं, तेही चाळीस मिनिटं, सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत. बाकी सगळा प्रवास डिझेलवर. पहिल्या दिवशी मी जरा खट्टू झाले. नंतर कळलं की गुलेटवाल्यांचं हे उघड गुपित आहे. डोलकाठ्या म्हणजे लग्नातल्या घोड्यासारख्या. वरात काही त्यांच्यावर चालत नाही.

अशा सफरींना तिकडे ‘निळा प्रवास’ म्हणतात. त्याची सुरुवात चक्क शिक्षेतून झाली. जेवात शाकिर नावाच्या ऑक्सफर्डला शिकलेल्या पत्रकाराने काहीतरी न आवडणारं लिहिलं, म्हणून १९२५ मध्ये त्याला बोद्रुमला हद्दपार केलं. बोद्रुम तेव्हा रस्ताही धड नसलेलं मच्छीमारांचं गाव. शिक्षा संपली तरी हा पठ्ठ्या पुन्हा तिथेच जाऊन राहिला, आणि पुढे मित्रांना घेऊन स्पंज काढणाऱ्यांच्या बोटींतून या किनाऱ्याने हिंडायला लागला. खायला पाव-चीज, झोपायला डेक. आता त्याच सफरीत सात प्रकारची कोशिंबीर मिळते आणि लोक वायफायचा पासवर्ड विचारतात. मीही विचारला होता.

तर आम्ही अडकलो. बोद्रुम इथून समोर, उत्तरेला, मधे फक्त एक आखात. नकाशावर बोटाच्या पेराएवढं. पण टोकाला वळसा घातला की वायव्येचा वारा थेट तोंडावर. उन्हाळ्यात इथे रोज वाहणाऱ्या या वाऱ्याला तुर्की लोक ‘मेल्तेम’ म्हणतात. आकाश लख्ख निळं, एक ढग नाही, आणि समुद्र पांढराफटक फेसाळलेला. आपल्याला वादळ म्हटलं की काळोख आणि विजा आठवतात. ऊन पडलेलं वादळ मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘हावा कोतू, आब्ला,’ कप्तान म्हणाला. कोतू म्हणजे वाईट, आणि हावा म्हणजे हवामान. हा शब्द शिकवायची गरज नव्हती. आब्ला म्हणजे ताई. त्याच्या आणि माझ्या वयात फारसा फरक नसावा, पण मी हरकत घेतली नाही. कधी निघायचं, असं विचारलं तर त्याने फोनवरचं विंडी हे वाऱ्याचं अॅप दाखवलं. सगळा एजियन जांभळा, म्हणजे जोराचा वारा. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘साबुर.’

सबूर! शिर्डीच्या फोटोखाली लिहिलेला शब्द तुर्की कप्तानाच्या तोंडून ऐकून मला हसूच आलं. नवरा हसला नाही. तो काल दुपारपासून आडवा होता आणि आल्याचा तुकडा चघळत होता.

इथे थोडं मागे जायला हवं, कोल्हापूरला.

लहानपणी आजीला सीपीआर दवाखान्यात दाखवायला नेलं की बाबा आम्हा भावंडांना जवळच्या टाऊन हॉलच्या बागेत सोडायचे. झाडांना वटवाघळं लटकलेली; त्यांना बघून झालं की आत म्युझियम. तोफा, मूर्ती, वीरगळ, आणि एका कपाटात वीतभरही नसेल असा काशाचा एक उघडा पुरुष. दाढी, पिळदार अंग, हात वर उचललेला, पण हातात काही नाही. पाटीवर लिहिलेलं : समुद्रदेव पोसायडन. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला, त्यात हा ग्रीक देव होता. दोनेक हजार वर्षांपूर्वीचा.

‘आपल्याकडं समुद्र कुठाय?’ मी विचारलं होतं.

‘रंकाळा हाय की,’ बाबा म्हणाले.

गमतीचं उत्तर होतं, पण प्रश्न राहिलाच. कोल्हापूर समुद्राचं गाव नाही. मधे अख्खा सह्याद्री. पंचगंगेचं पाणीसुद्धा त्या समुद्राकडे जात नाही; कृष्णेला मिळून पार पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जातं. अशा गावात हा देव आला कशाला? माझ्या आयुष्यातला पहिला समुद्रदेव मी समुद्र बघायच्या आधी पाहिला, तो असा.

क्निडोसला दुसऱ्या दिवशी काही उद्योग नव्हता म्हणून शहर बघायला उतरलो. शहर म्हणजे अवशेष, वस्ती नाही. लाकडी धक्का, एक हॉटेल, पहारेकऱ्याची चौकी, शेळ्या. बाकी सगळे दगड.

या जागेत खुबी अशी की एकेकाळी इथे टोकाशी एक वेगळं बेट होतं. क्निडोसकरांनी मधली उथळ पट्टी भरून काढली आणि बेट जमिनीला जोडून टाकलं. त्यामुळे पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक बंदर तयार झालं. उत्तरेचं चिमुकलं, लढाऊ जहाजांचं. स्ट्रॅबो हा भूगोलकार म्हणतो, तिथे वीस जहाजं राहत. दक्षिणेचं मोठं, व्यापाराचं. त्याचे धक्के अजून पाण्यात दिसतात. भलेमोठे चिरे, आज त्यांच्यावर टोकदार काळे समुद्री साळींदर बसलेले. मधल्या पट्टीवर उभं राहिलं की डाव्या हाताचं पाणी खवळलेलं आणि उजव्या हाताचं नुसतं थरथरणारं. दहा पावलांचा फरक.

क्निडोसकरांचं जुनं गाव याच द्वीपकल्पात आत, दात्चाच्या बाजूला होतं म्हणतात. इ.स.पूर्व चौथ्या शतकात त्यांनी ते इथे, या उघड्याबोडक्या टोकावर आणलं. पाणी कमी, शेती जेमतेम. मग का? तर आमचं जे झालं होतं तेच सगळ्यांचं होत होतं म्हणून. दक्षिणेकडून येणारं प्रत्येक जहाज टोकापाशी येऊन वायव्येच्या वाऱ्याने अडायचं. अडलेल्या माणसाला भाकरी लागते, दारू लागते, देव लागतो, दुरुस्तीला सुतार लागतो. एस.टी. नादुरुस्त होते तिथे चहाची टपरी निघते आणि मग टपरीचं गाव होतं, तसं. फक्त या टपरीत पाच हजार माणसं बसतील असं नाट्यगृह होतं.

बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचा प्रवास आहे. कैदी म्हणून त्याला रोमला नेत होते, अलेक्झांड्रियाच्या जहाजातून. पुष्कळ दिवस हळूहळू जात मोठ्या कष्टाने क्निडोससमोर आलो, पण वाऱ्याने पुढे जाऊ दिलं नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. शेवटी ते दक्षिणेला क्रीटच्या आडोशाला गेले आणि पुढे माल्टाला फुटले. जहाजावर २७६ माणसं होती, सगळी वाचली. मी हे नवऱ्याला सांगितलं. ‘त्यांच्याकडे इंजिन नव्हतं,’ तो म्हणाला. इंजिन असूनही आपण इथेच आहोत, हे मी बोलले नाही.

शहराच्या वरच्या पायरीवर एक गोल चौथरा आहे. अफ्रोडायटी या ग्रीकांच्या प्रेमदेवीचं देऊळ इथे असावं असा एक अंदाज. तिची गोष्ट रोमन लेखक प्लिनीने सांगितलीय. प्रॅक्सिटिलीस या शिल्पकाराने देवीच्या दोन मूर्ती केल्या, एक वस्त्रातली आणि एक नग्न. दोन्हींची किंमत एकच. समोरच्या कॉस बेटाच्या लोकांना आधी निवडायला मिळालं. त्यांनी सभ्यपणे वस्त्रातली घेतली. उरलेली क्निडोसने घेतली. झालं, जगभरातून लोक ती बघायला लोटले. पुढे निकोमिडीस नावाचा राजा म्हणाला, मूर्ती मला द्या, तुमच्या शहराचं सगळं कर्ज मी फेडतो. कर्ज काही थोडंथोडकं नव्हतं. क्निडोसकर नाही म्हणाले. कर्जमाफी नाकारणारं असं दुसरं गाव मला माहीत नाही. आज मूर्ती नाही, कर्ज नाही, गावही नाही; चौथऱ्यावर एक शेळी बसली होती आणि मी जवळ गेले तरी उठली नाही.

पण मी रमले खापरांत.

पायाखाली सगळीकडे खापरं. लालसर, पिवळट, कुठे करडी. बहुतेक अँफोऱ्यांची. अँफोरा म्हणजे दोन कानांची, निमुळत्या बुडाची उंच सुरई. जहाजातून वाइन आणि तेल न्यायचं त्या काळचं पिंप. बूड टोकदार, त्यामुळे जमिनीवर उभी राहत नाही, पण जहाजाच्या पोटात एकीच्या खांद्यांमध्ये दुसरीचं टोक असं दाबून रचता येतं. क्निडोसची वाइन नाव कमावलेली होती. एकट्या अथेन्समध्ये क्निडोसचे शिक्के असलेले हजारो कान सापडलेत. रोड्सच्या कानांवर तर ठसा पद्धतशीर : एका कानावर त्या वर्षीच्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याचं नाव, म्हणजे वर्ष कळलं, शिवाय महिना, आणि दुसऱ्या कानावर कारखानदार. आपण डब्यावर पॅकिंगची तारीख बघतो तेच. कॉसवाले वाइनमध्ये समुद्राचं पाणी घालत. त्यांच्या सुरईचा दुपेडी कान इतका चालला की इटलीतल्या कुंभारांनी त्याची नक्कल केली, आणि ती नक्कल हिंदुस्थानापर्यंत पोचली.

एक कान मी उचलला. खालच्या टोकाशी, जिथे तो पोटाला जोडलेला असतो, तिथे एक खळगा होता. सहज अंगठा ठेवला तर बरोबर बसला. कुंभाराने ओल्या मातीत कान चिकटवताना अंगठ्याने दाबलं होतं, त्याची खूण. त्याचा अंगठा माझ्यापेक्षा जरा रुंद असणार, कारण बाजूला थोडी जागा उरत होती. किती वेळ मी अंगठा तिथेच ठेवून उभी होते कोण जाणे. पहारेकऱ्याने लांबून शिट्टी मारली. एक खापरी उचलून पिशवीत टाकली तरी तिकडे मोठा गुन्हा होतो. मी कान होता तिथे, होता तसाच ठेवला आणि दोन्ही हात वर करून त्याला दाखवले.

त्या रात्री डेकवर गादी टाकून पडले होते. लांबवर सिमी बेटाचे दिवे. फोन मधेच ग्रीक नेटवर्क पकडायचा आणि ‘वेलकम टू ग्रीस’ म्हणायचा, मग पुन्हा तुर्कस्तानात यायचा. वारा माझ्या डोक्याकडून पायांकडे वाहत होता. पाय आग्नेयेला. आग्नेयेला काय आहे म्हणून नकाशा उघडला : खुला समुद्र आणि सरळ रेषेत खाली अलेक्झांड्रिया.

मग एकेक आठवायला लागलं. या वाऱ्याने रोड्सहून निघालेलं जहाज चौथ्या दिवशी अलेक्झांड्रियाला पोचतं, असं जुन्या ग्रीक लेखकांनी लिहून ठेवलंय. तिथून नाईल नदीतून वर, प्रवाहाच्या विरुद्ध जायचं. पण नाईल उत्तरेला वाहते आणि वारा दक्षिणेला. शीड उभारलं की होडी आपोआप नदी चढते. प्लिनीने हिशेबच दिलाय : हा उन्हाळी वारा असेल तर नाईलकाठच्या कॉप्टॉसपर्यंत बारा दिवस. तिथून उंटावरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके, आणखी बारा दिवस. तांबड्या समुद्रातही उन्हाळ्यात वारा उत्तरेकडूनच, म्हणजे पुन्हा पाठीवर. आणि त्याच्या तोंडाशी पोचलं की पुढे आपला नैऋत्य मोसमी वारा, जो जहाज उचलून थेट भडोच, चौल, नाहीतर केरळातल्या मुझिरिसला आणून टाकतो. जुलैच्या सुमारास इजिप्तचा किनारा सोडायचा, हे वेळापत्रक ठरलेलं. जुलै! आम्ही जुलैतच होतो.

मी उठून बसले. म्हणजे इथून चौलपर्यंत वारा पाठीवर आहे. पुढे घाट चढायला बैल. इथून कोल्हापूरला जायला वारा आहे, बोद्रुमला जायला नाही.

नवऱ्याला उठवून सांगण्यात अर्थ नव्हता. दादाला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं : ‘बरं. पाणी ३८. जामदार क्लबपर्यंत आलंय.’

याच्या पुढची गोष्ट मला बोटीवरच्या निवृत्त डच गृहस्थांनी सांगितली. शाळेत भूगोल शिकवायचे. मेल्तेमचं जुनं ग्रीक नाव एटेसियन, ‘एतोस’ म्हणजे वर्षावरून, दरवर्षी येणारा. आपला मान्सून अरबी ‘मौसिम’वरून, म्हणजे ऋतू. दोघांचीही नावं काळावरून पडलेली. पण नातं तेवढंच नाही. उन्हाळ्यात वायव्य भारतापासून इराणवरून थेट तुर्कस्तानपर्यंत कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो, आणि बाल्कनच्या बाजूला जास्त दाब असतो. हवा तिकडून इकडे धावते, तोच मेल्तेम. शिवाय आपल्याकडे ढगांतून वर गेलेल्या हवेचा काही भाग पूर्व भूमध्य समुद्रावर येऊन खाली बसतो. म्हणून इथे जुलैत ढग धरत नाही. ‘म्हणजे तुमचा पाऊस आमचं ऊन आहे,’ ते म्हणाले, आणि चिजाबरोबर कलिंगडाची फोड खाल्ली. तिकडे हे दोन्ही एकत्र खातात. चांगलं लागतं, मीठ-साखर लिंबाच्या पाण्यासारखं.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. राधानगरीचे दरवाजे उघडणारा आणि आमचा नांगर उपटणारा एकाच खानदानातले आहेत, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ सोडून समुद्र उघडतात, कारण पावसाळ्यात तो बंद असतो. भूमध्य समुद्र उलटा. तो हिवाळ्यात बंद असायचा आणि मार्चच्या ५ तारखेला इसिस देवीची नाव पाण्यात सोडून उघडायचा. खलाशी निम्मं आयुष्य समुद्रावर आणि निम्मं समुद्र उघडायची वाट बघण्यात काढत असणार. इतिहासात लढाया येतात, राजे येतात. इ.स.पूर्व ३९४ मध्ये याच क्निडोससमोर अथेन्सच्या कोनोनने पर्शियन आरमार घेऊन स्पार्टाचं आरमार बुडवलं, ते येतं. धक्क्यावर पाय सोडून बसलेल्यांचं काही येत नाही. अलेक्झांड्रियाचं ते जगप्रसिद्ध दीपगृह ज्याच्या नावावर आहे तो सोस्ट्रॅटस मात्र क्निडोसचाच. अडलेल्या जहाजांच्या गावचा पोरगा.

पुढे बोद्रुमच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये आणखी एक कायमचं अडकलेलं जहाज पाहिलं. तुर्कस्तानच्याच किनाऱ्यावर उलुबुरूनच्या टोकापाशी बुडालेलं. स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने १९८२ मध्ये येऊन सांगितलं की तळाशी कान असलेली धातूची बिस्किटं पडलीत. निघालं काय, तर इ.स.पूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचं जहाज : दहा टन तांबं, एक टन कथील, निळ्या काचेच्या लाद्या, शहामृगाची अंडी, पाणघोड्याचे दात. दहाला एक, म्हणजे काशाचं नेमकं प्रमाण. ते वर काढायला अकरा उन्हाळे आणि २२ हजारांहून जास्त बुड्या लागल्या. या सगळ्यात एका उंदराच्या जबड्याचं हाडही मिळालं. बिनतिकिटाचा प्रवासी. मला तांब्यापेक्षा तोच लक्षात राहिला.

चौथ्या दिवशी पहाटे मला शांततेने जाग आली. तीन दिवस दोऱ्या डोलकाठीवर ठकठक वाजत होत्या, त्या गप्प. कप्तान आधीच उठलेला; तोंडात सिगारेट, पेटवलेली नाही. नांगर वर आला तो दोन हात लांब गवताची वेणी घेऊन. स्वयंपाक्याने ती सुरीने कापून पाण्यात टाकली आणि इंजिन सुरू झालं.

या टोकाचं नाव देवेबोयनू, म्हणजे उंटाची मान. वळसा घालताना वारा नव्हता, पण त्याने तीन दिवस ढवळलेलं पाणी होतं. बोट सावकाश वर जायची आणि सावकाश खाली. नवऱ्याने आल्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. डावीकडे कॉस दिसायला लागलं. फोनने पुन्हा ग्रीसमध्ये स्वागत केलं आणि मागोमाग दादाचा रात्रीचा मेसेज टाकला : पाणी ३८ फूट ९ इंच, तीन तास तिथंच. इशाऱ्याची पातळी ३९. सामान माळ्यावर टाकलंय, जागे आहोत.

मी लिहिलं : ‘निघालो एकदाचे. बोद्रुमला.’

त्याचं लगेच आलं : ‘तिकडं कशाला? वारा तर हिकडचा हाय म्हनलीस.’